दुर्गे बाई आणि बिनकानाचा पेपर

आमच्या डॉक्टर दुर्गे बाईंना हळू बोलता येत नव्हतं. दवाखान्याच्या आत त्या पेशंटच्या कानाशी लागून काही सांगत असल्या, तरी बाहेर पिंपळाखाली बसलेल्यांना कळायचं, कुणाला जंत झालेत आणि कुणाला दिवस गेलेत. मी एकदा म्हटलं, "बाई, जरा हळू बोला ना." तर म्हणाल्या, "सिस्टर, हळूच बोलून राह्यली ना मी!" आणि हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की पिंपळाखालची सगळी माणसं हसायला लागली.

मोहगुडा हे आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र आष्टीच्या पुढे, जंगलात होतं. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन फार काळ झाला नव्हता. कागदोपत्री आम्ही नवीन जिल्ह्यातले, पण मोठं काही दुखणं आलं की लोकांच्या तोंडी एकच शब्द, "चांद्याले न्या," म्हणजे जुन्या जिल्ह्याच्या गावी, चंद्रपूरला. मी मूल गावची, नर्सिंग करून तिथं लागले होते. मी आल्यापासून जे डॉक्टर आले, ते हजर व्हायचे, सही करायचे आणि रजेवर जायचे. त्यामुळे नवीन लेडी डॉक्टर येणार म्हटल्यावर आमचा जीपचा ड्रायव्हर वासुदेवभाऊ म्हणाला होता, "येतीन अन् जातीन. आपण चहा ठेवाचा कायले?"

आधी एस.टी.च्या टपावरून एक लोखंडी ट्रंक उतरली. ट्रंक पुस्तकांनी इतकी जड की कंडक्टर, वासुदेवभाऊ आणि आणखी दोघे लागले. कंडक्टर म्हणाला, "बाई मागून येऊन राह्यल्या." थोड्या वेळानं धुळीतून फटफट आवाज करत एक लुना आली. तिच्यावर साडीचा पदर कमरेला खोचलेली, केसांत लाल माती भरलेली, दात काढून हसणारी बाई. बल्लारपूरहून लुनावर! उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "हे गाडी चढावर दोन पायानं मारा लागते, पण उतारावर काय पळते व माय!"

त्यांचे वडील बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात कामगार होते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. तेव्हापासून घरात एकच रट लागलेली, शिका. पाच भावंडांतली ही एक पोर डॉक्टर झाली आणि वडिलांनी कारखान्याच्या गेटवर बुंदी वाटली. बाईंना मात्र पुढे स्पेशालिस्ट व्हायचं होतं. ते त्या काळी सोपं नव्हतं. कॉलेजातले मार्क, तिथंच केलेली हाउसमनची, म्हणजे शिकाऊ डॉक्टरची, नोकरी, वरच्या सरांची मर्जी, असं सगळं जुळून आलं की पुढची जागा मिळायची. बाईंना घरी पगार पाठवायचा होता, म्हणून त्या शिकणं सोडून सरकारी नोकरीत आल्या. आणि मार्क? ते तोंडी परीक्षेत गेले.

हा किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. समोर परीक्षक बसलेले. पेशंटच्या पोटात हाताला काय लागतंय, असं त्यांनी विचारलं. बाईंनी घाईत इंग्रजी विसरून सांगून टाकलं, "सर, मले वाटते प्लीहा हाये." उत्तर बरोबर होतं. पण सर शेजारच्या सरांकडे बघून हसले. मग आडनाव विचारलं, गाव विचारलं, पुन्हा आडनाव विचारलं आणि म्हणाले, "आधी बोलायला शिका."

"मंग?" आम्ही विचारायचो.

"मंग काय? बोलाले तं मी तेव्हापासूनच शिकली. पाय ना, थांबतच नाई!"

असं म्हणून त्या हसायच्या. पण एकदा मी पाहिलं, हसता हसता त्यांनी हातातला स्टेथोस्कोप घट्ट धरून ठेवला होता.

मग ती बातमी आली. आमच्याकडे वर्तमानपत्र एस.टी.नं एक दिवस शिळं यायचं. बाई ओ.पी.डी.त बसल्या होत्या, समोर एका म्हाताऱ्याच्या तोंडात थर्मामीटर होता. पेपर चाळता चाळता त्या एकदम उठल्या आणि "सिस्टर! सिस्टर!" करत अंगणात धावल्या. मला वाटलं, साप निघाला. म्हातारा थर्मामीटर तोंडात धरून मागोमाग बाहेर आला.

"स्पेशालिस्टची अखिल भारतीय परीक्षा!" बाई पेपर हलवत ओरडत होत्या. "सगळ्या देशाची एक! दिल्लीवाल्यालेही तोच पेपर अन् मोहगुड्यालेही तोच. तोंडी नाई, काही नाई. प्रश्नाखाली चार उत्तरं, बरोबर हाये त्याच्यावर काळा गोल कराचा. मशीन तपासते, सिस्टर, मशीन!"

वासुदेवभाऊ म्हणाला, "मंग बाई, मशीनले तुमची ओळख पायजे ना?"

"हेच तं! त्याले ओळख नाई पायजे. त्या पेपरले कान नाईत, वासुदेवभाऊ! मी मले म्हणो का मला म्हणो, त्याले ऐकूच येत नाई!"

एवढं बोलून त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि मला अंगणात गरगर फिरवलं. सगळ्यांसमोर मला लाज वाटत होती. म्हातारा मात्र टाळ्या वाजवायला लागला.

त्या दिवसापासून दवाखान्याचा अभ्यास सुरू झाला. दवाखान्याचाच म्हणते, कारण बाईंना एकटीनं वाचणं जमत नव्हतं. लसीकरणाला निघाल्या की जीपमध्ये माझ्या मांडीवर पुस्तक. मी इंग्रजी अडखळत वाचायची, त्या उत्तर सांगायच्या. चुकल्या तर स्वतःच्याच कपाळावर चापट मारायच्या आणि उत्तर बरोबर आलं तर जीपच्या दारावर थाप. पत्रा वाजून वाजून वासुदेवभाऊ वैतागला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण चारही पर्याय ऐकून झाले की तो पुढून ओरडायचा, "ड!" कारण त्याला कळून चुकलं होतं की पुष्कळदा चौथं उत्तर 'वरील सर्व' असतं. त्याचं बरोबर आलं की तो आरशात बघून मिशीला पीळ द्यायचा.

हे चार पर्याय हळूहळू बाईंच्या बोलण्यातच उतरले. चहा घ्यायचा की नाही, लुना आधी दुरुस्त करायची की पंप, सगळं अ, ब, क, ड. एकदा एका गावात एक बाई दोन दिवस कळा देत होती. नवरा दारात उभा, म्हणाला, "पाहू आज उद्या."

बाई त्याच्यासमोर उंबऱ्यावर बसल्या. "तुले मी चार गोष्टी सांगतो, तू एक निवड. अ, आत्ताच्या आत्ता जीपनं दवाखान्यात. ब, सांजेले बैलबंडीनं. क, उद्या खाटेवर टाकून चार माणसायनं."

"अन् ड?"

"ड मी नाई सांगत. तूच सांग."

तो माणूस आत डोकावला. मग खांद्यावरचं फडकं झटकून म्हणाला, "जीप कुठी लावली?"

सगळ्याच वेळी असं झालं नाही. जानकी मडावीच्या वेळी तर कोणी उशीर केलाच नव्हता. कळा अडल्या तशी तिच्या माणसांनी धावत निरोप आणला, आम्ही जीप घेऊन गेलो आणि तिला जवळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन पोचलो. मूल आडवं होतं, सिझेरियनशिवाय गत्यंतर नव्हतं. तिथं सर्जन होते, ते हात धुऊन तयारही झाले. टेबल होतं, दिवे होते. पण भूल देणारे डॉक्टर नव्हते. एकाच माणसाकडे किती गावं असायची, ते त्या दिवशी दुसरीकडे गेले होते. आम्ही जानकीला टेबलावरून उतरवून पुन्हा जीपमध्ये घातलं आणि पुढे चांद्याला नेलं. जानकी वाचली. मूल वाचलं नाही.

परतताना बाई बाहेर रस्त्याकडे तोंड करून बसल्या. मी वाचायला पुस्तक काढलं, त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन मिटवलं. पुढचे काही दिवस ट्रंक बंदच होती. आणि मग एका सकाळी मी ड्यूटीवर आले तर बाई ओट्यावर बसून वाचत होत्या. शेजारी चहा गार झाला होता, माझ्याकडे बघितलंही नाही. त्यानंतर त्यांचा अभ्यास वेगळाच झाला. जीपच्या दारावर थाप मारणं थांबलं. वासुदेवभाऊ मला म्हणाला, "पत्रा वाचला, पण मले करमून नाई राह्यलं."

परीक्षा आली ती मोहाच्या दिवसांत. सगळं जंगल गोड वासानं भरलेलं, पहाटेपासून बायामाणसं झाडाखाली फुलं वेचायला. दुसऱ्या दिवशी नागपूरला पेपर. दुपारच्या एस.टी.नं निघायचं आणि घरी बल्लारपूरला उतरून रात्रीची गाडी धरायची, असं बाईंनी ठरवलं होतं. पिशवी भरलेली, हॉल तिकीट पर्समध्ये. आम्ही एस.टी.ची वाट बघत दारात उभे होतो, तेवढ्यात समोरून माणसं पळत आली. बाजेवर सोमा आत्राम. मोह वेचताना अस्वलानं धरलं होतं.

त्याचा चेहरा मी इथं लिहीत नाही. खालचा जबडा मोडला होता, एक डोळा गेला होता, आणि तोंडातलं रक्त घशात उतरून श्वास घुरघुरत होता. मागून एस.टी. आली. कंडक्टरनं घंटा मारली, हाक मारली, "बाई, चला ना!" बाईंनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "कुशीवर करा त्याले! डोकं खाली! सिस्टर, सुई-धागा!"

जबडा मोडला की जीभ मागं पडते आणि श्वास कोंडतो. बाईंनी त्याच्या जिभेत टाका घातला आणि धागा आपल्या बोटाला गुंडाळून जीभ पुढे ओढून धरली. घुरघुर थांबली. श्वास सरळ चालू झाला, सुंयऽऽ सुंयऽऽ करत, आणि तो आवाज ऐकून बाजेभोवतीची सगळी माणसं एकदम खाली बसली, जणू त्यांच्याच नाकात हवा आली.

"आता हा धागा सोडला तं हा गेला," बाई म्हणाल्या. "वासुदेवभाऊ, जीप! मी याच्यासंगं चांद्याले येतो."

जीप निघाली. मागे सोमा कुशीवर, त्याची बायको पायाशी, मी सलाईनची बाटली धरून, आणि बाई त्याच्या डोक्याशी मांडी घालून. एका हातात धागा, दुसऱ्या हातानं जबडा उचललेला. रस्ता असा की डोक्याला टप लागायचा. प्रत्येक खड्ड्याला बाई ओरडायच्या, "पकडलं हाये! पकडलं हाये! जाऊ दे गाडी!" सोमा शुद्धीवर होता. बायको त्याला गोंडीत काही सांगत होती, मध्येच "एर, एर" म्हणत होती, म्हणजे पाणी मागतोय तो. बाई आपल्या मोडक्या गोंडीत आणि आमच्या झाडीबोलीत मिसळून त्याला समजावत होत्या, "आता नाई पाणी, दादा. चांद्याले पाणी. तू फक्त श्वास घे. तू घे, मी मोजून राह्यली."

गोंडपिपरी मागे पडलं. वासुदेवभाऊ पुढून म्हणाला, "बाई, तुमची गाडी?"

"गाडी रात्रीले हाय. तू रस्ता पाय!"

"परीक्षेत हे विचारतीन का, अस्वलाचं?"

बाई एकदम हसल्या. जानकीनंतर पहिल्यांदा मी त्यांचं ते मोठं हसणं ऐकलं. "विचारू दे! एवढं बरोबर उत्तर अख्ख्या देशात कोणाले येणार नाई!" आणि मोकळा हात नव्हता म्हणून त्यांनी पायानं जीपच्या पत्र्यावर धाडकन लाथ मारली. वासुदेवभाऊनं आरशात बघून मिशीला पीळ दिला आणि जीप आणखी पळवली.

सूर्य खाली गेला तेव्हा आम्ही चंद्रपूरच्या दवाखान्यात होतो. तिथल्या भूलतज्ज्ञांनी सोमाच्या श्वासनळीत नळी घातली आणि बाईंना म्हणाले, "सोडा आता धागा." बाईंना सोडता येईना. बोटं आखडली होती. त्या डॉक्टरांनीच एक एक बोट उलगडलं. बाई त्यांच्या हातांकडे बघत होत्या, त्या नळीकडे, फुगणाऱ्या आणि बसणाऱ्या त्या रबरी पिशवीकडे. असं बघत होत्या जसं लहानपणी आपण जत्रेत पाळण्याकडे बघतो.

मग एकदम त्यांना भान आलं. साडी रक्तानं माखलेली. भरलेली पिशवी मोहगुड्यालाच दारात राहिली होती, हॉल तिकिटाची पर्स तेवढी खांद्याला होती. जीपमध्ये माझी ड्यूटीची एक जादा धुतलेली पांढरी साडी कायम असायची. ती नेसून बाई स्टेशनवर गेल्या.

परत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, अर्थात पिंपळापर्यंत ऐकू जाईल असं. परीक्षेच्या हॉलच्या दारात शिपायानं अडवलं होतं. म्हणाला, "सिस्टर, इथं डॉक्टर लोकांची परीक्षा आहे."

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"मी म्हटलं, मंग बरोबरच आली ना मी!" त्यांना हसू आवरेना. "अन् सिस्टर, पेपर सोपा होता व! माय शप्पथ सोपा! पण मले एका गोष्टीचा राग आला. एवढे प्रश्न, किडनीचे, काळजाचे, कुठले कुठले. एकही अस्वल नाई! देशाची परीक्षा अन् एक अस्वल नाई!"

निकालाची तार आली त्या दिवशी कुटुंब नियोजनाचं शिबिर होतं. पोस्टमननं तार माझ्या हातात दिली, मी ती उघडून वाचली आणि मला बाईंसारखं ओरडता येईना. मी नुसती तार वर धरली. बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि समजल्या. मग त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून शिबिराला आणलेल्या बाया घाबरून उठून उभ्या राहिल्या. वासुदेवभाऊनं जीपचा हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. क्रमांक एवढा वरचा होता की बाईंना हवी ती जागा मिळणार होती.

जागा निवडायला दिल्लीला बोलावलं. वडील सोबत गेले. त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, स्त्रीरोग. बल्लारपूरच्या पेंटरला पाटी सांगून ठेवली होती, डॉ. कुसुम दुर्गे, स्त्रीरोगतज्ज्ञ. ती दोघं परत आली त्या दिवशी मी बल्लारपूर स्टेशनवर गेले होते. बाई डब्यातून उडी मारून उतरल्या. मागून भाऊ, म्हणजे त्यांचे वडील, उतरले, ते माझ्याकडे न बघता.

"सांग सिस्टरले," भाऊ म्हणाले. "काय घेऊन आली ते सांग."

"भूल," बाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच मला ते नीट ऐकू आलं नाही.

"भूल घेतली तिनं! स्त्रीरोग समोर होतं, उघडं होतं. ज्यानं नाव पुकारलं तो साहेबही थांबला, म्हणे मॅडम, फिर से सोच लीजिए. अन् हे म्हणते, सोच लिया." भाऊंचा आवाज चिरकला. "भूलवाल्याले कोण ओळखते, माय? पेशंट तं झोपला रायते! डोळे उघडले का सर्जनच्या पाया पडते. तुह्यं तं तोंडही पायत नाई कोणी."

"मले पाया नाई पडून घ्याचं, बाबा."

"मंग कायले शिकली एवढी?"

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. त्यांनी वडिलांना जानकीची गोष्ट सांगितली. फलाटावर, हमाल आजूबाजूनं जात असताना, त्यांच्या मानानं अगदी हळू. "तिथी चाकू होता, हात होते, टेबल होतं. झोपवणारं कोणी नव्हतं. आमी तिले टेबलावरून उठवून पुन्हा जीपमंदी टाकलं, बाबा. मी स्त्रीरोगाची डॉक्टर असती तरी काय केलं असतं? चाकू घेऊन तिथीच उभी रायली असती."

भाऊ बाकावर बसले. गाडी निघून गेली, फलाट रिकामा झाला. मी चहा आणला तो त्यांनी घेतला, बशीत ओतला आणि पिता पिता थांबून म्हणाले, "गाडीतही सांगून राह्यली होती हे. मी ऐकून नाई घेतलं." मग उरलेला चहा बशीत ओतून, "पेंटर वळखीचा हाय. पाटी देईन बदलून." आणखी एक घोट घेऊन त्यांनी विचारलं, "भूलच लिहाचं, का याले काही भारी नाव असते?"

"भारी नाव हाय बाबा. पण भूलच लिहा. लोकायले समजलं पायजे."

जागा मध्य प्रदेशात मिळाली होती. शिक्षण संपवून बाई परत आल्या, चंद्रपूरला. मोठ्या शहरांतून बोलावणी होती म्हणतात. त्या इकडेच आल्या, त्याचं मला कधी नवल वाटलं नाही. सोमा तोवर एका डोळ्यानं मोह वेचायला जाऊ लागला होता.

त्यानंतर एकदाच मी त्यांना कामात पाहिलं. आमच्या मोहगुड्याची एक पोरगी घेऊन मी चंद्रपूरला गेले होते, पहिलटकरीण, भीतीनं थरथरणारी. थिएटरच्या दारापर्यंत मी तिचा हात धरून गेले. आत टेबलाच्या डोक्याशी बाई उभ्या होत्या. मास्कच्या वर डोळे फक्त. त्यांनी त्या पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि गोंडीत काही म्हणाल्या. आता त्यांची गोंडी मोडकी राहिली नव्हती. पोरीचं थरथरणं थांबलं. दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसले आणि काही वेळानं आतून बाळाचं रडणं आलं, अन् त्याच्यावर ताण करून बाईंचं हसणं.

बाहेर येताच त्यांनी मला मिठी मारली. "सिस्टर, जाऊ नको! चहा पिऊ, पोटभर बोलू. पाच मिनिटं थांब, कपडे बदलून आली मी." मी थांबले. पाच मिनिटांची किती झाली कोण जाणे, आत दुसरा पेशंट आला, मग तिसरा. माझी शेवटची एस.टी. होती. मी निरोप ठेवून निघाले.

एस.टी. दवाखान्याच्या कुंपणाजवळ रस्त्यात म्हशी आल्या म्हणून थांबली. खिडकीतून मला अंगण दिसत होतं. एक जीप धुरळा उडवत फाटकातून आत शिरली आणि दवाखान्यातून बाई तिच्याकडे धावत आल्या. डोक्यावर थिएटरची हिरवी टोपी तशीच. धावता धावता एका पायातली चप्पल निसटली. त्या अर्धवट वळल्या, चपलेकडे पाहिलं, आणि तिला तिथंच सोडून पुन्हा धावत सुटल्या. मी खिडकीतून हाक मारली. म्हशी बाजूला झाल्या, गाडी हलली. बाईंना ऐकू गेलं नाही. जीपचं मागचं दार त्यांनी स्वतःच उघडलं होतं आणि आत निजवलेल्या पेशंटशी मोठमोठ्यानं बोलायला सुरुवात केली होती.